चार्ज दिला, चार्ज घेतला

सरकारी बँकेतली नोकरी कुणी आपणहून सोडतं, ही गोष्ट १९८६ साली वाईसारख्या तालुक्याच्या गावाला पटणारी नव्हती. १९ जुलै १९६९ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८०मध्ये आणखी सहा बँका त्या पंगतीला येऊन बसल्या, आणि तोवर 'मुलगा बँकेत आहे' या तीन शब्दांना असं काही वजन आलं होतं, की तेवढ्यावर वधूपिते पत्रिकेतला मंगळसुद्धा जरा बाजूला सरकवायला तयार होत. बँकेतून माणसं तेव्हा दोनच वाटांनी बाहेर पडत. एक निवृत्तीची, आणि दुसरी जिच्याविषयी दबक्या आवाजात बोलायचं असतं ती. मी तिसऱ्याच वाटेने निघालो होतो. भांडण नव्हतं, बदलीचा जाच नव्हता, की बढती हुकल्याचा सल नव्हता. कोकणातल्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायची जागा होती, बाहेरून केलेलं एम.कॉम. हाताशी होतं, पगार बराच कमी होता, आणि नेमक्या त्या कमी पगारामुळे आपण काहीतरी थोर त्याग करतो आहोत अशी माझी समजूत झाली होती. खिशाला निळं आणि लाल अशी दोन पेनं लावून फिरणाऱ्या त्या तरुणाचं आज मला हसू येतं, आणि त्याच्याविषयी थोडी मायाही वाटते.

शाखा होती मुख्य पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. सागवानी खांब, त्यांच्यामध्ये ठोकून बसवलेलं सनमायक्याचं काउंटर, आणि मागे लेजरांची फडताळं. सकाळी दार उघडलं की पहिला श्वास त्या लेजरांचा यायचा. बाइंडिंगची खळ, डांबराच्या गोळ्या, जुना कागद, आणि पावसाळ्यात त्यावर चढलेला ओलसर, किंचित आंबट वास. त्या वासात हळद मिसळलेली असे, कारण वाई म्हणजे हळदीची पेठ, आणि हंगामात आडतींवरून येणाऱ्या नोटा पिवळ्या होऊनच यायच्या. कॅशियरच्या डबीतला बोटं भिजवायचा स्पंज दुपारपर्यंत पिवळा व्हायचा, संध्याकाळी आमची बोटंही पिवळी व्हायची, आणि घरी गेल्यावर आई विचारायची, ''आज कुणाची हळद होती रे?'' १९७८मध्ये मोठ्या नोटा रद्द झाल्यापासून शंभराची नोट हीच सगळ्यांत मोठी. पाचशेची यायला १९८७चा ऑक्टोबर उजाडायचा होता. त्यामुळे पैसा तेव्हा डोळ्यांत आणि हातांत भरपूर भरायचा. शंभर नोटांच्या पाकिटाला जाड तारेच्या टाचण्या खटकन मारायच्या, त्या काढताना नखाखाली टोचायच्या, आणि जुन्या नोटांच्या कडेला भोकांची रांग दिसायची. या टाचण्या रिझर्व्ह बँकेने २००१मध्ये बंद केल्या, तेव्हा माझ्या हातांचा नोटांशी घाऊक संबंध सुटून पुष्कळ वर्षं झाली होती, तरी बातमी वाचून अंगठ्याला बरं वाटलं.

पितळी टोकनांचा आवाज मात्र अजून कानात आहे. गिऱ्हाइकाने विथड्रॉवल स्लिप दिली की काउंटरवरून टोकन सरकायचं, आणि ते घेऊन मंडळी बाकावर बसायची; कुणी ते तळहातावर नाचवायचं, कुणी बाकावर टकटक करायचं, एखादं लहान मूल ते तोंडात घालायचं, आणि आतून हेड कॅशियर अण्णा ''सत्तेचाळीस!'' असं ज्या खर्जात पुकारायचे, त्या खर्जात पुढे मी कॉलेजात हजेरी घेत असे. माझ्याकडे सेव्हिंग्जची लेजरं होती. खातेदाराचं नाव ऐकलं की पानाचा नंबर आधी आठवायचा आणि चेहरा मागून यायचा, ही त्या टेबलाची विद्या. व्याज तेव्हा महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या सगळ्यांत कमी शिलकेवर धरायचं. तो नियम २०१०च्या १ एप्रिलला गेला आणि रोजच्या शिलकेवर व्याज आलं. आम्ही मात्र शिसपेन्सिलीने बारीक आकडे मांडत, रेडी रेकनरची पिवळी पानं उलटत आणि फॅसिटच्या यंत्राचा दांडा कडकड फिरवत सहामाहीचं व्याज काढत असू.

राजीनामा लिहायला मी एक अख्खा रविवार घेतला. अडीच पानी इंग्रजी, कोशातून वेचलेले शब्द, बँकेचे उपकार, सहकाऱ्यांचा स्नेह, शिक्षणक्षेत्राची हाक आणि शेवटी देशाच्या भवितव्याविषयी एक परिच्छेद. सोमवारी धडधडत्या छातीने मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर तो ठेवला. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, हातात ती लाल-निळी पेन्सिल घेतली, तिचं निळं टोक तुटलेलं होतं म्हणून लाल टोकाने, आणि शांतपणे परिच्छेदामागून परिच्छेद छाटत गेले. देश गेला, शिक्षण गेलं, स्नेह गेला. शेवटी उरल्या तीन ओळी: मी अमुक पदावर आहे, राजीनामा देतो आहे, नोटिशीची मुदत धरून मला अमुक तारखेला कार्यमुक्त करावं. ''बाकीचं निरोपाच्या भाषणात बोला,'' साहेब म्हणाले. ''आणि कारण लिहू नका. कारण लिहिलं की वरचं ऑफिस त्याला उत्तर पाठवतं, मग त्या उत्तराला आपण उत्तर द्यायचं, आणि तुमचं कॉलेज तिकडे सुरू होऊन जायचं.'' मग त्यांनी चहा मागवला, आणि कॅलेंडरवर बोट ठेवून इतकंच विचारलं, ''जूनचं क्लोजिंग करून जाल ना?''

त्या प्रश्नात आग्रह नव्हता, पण हक्क होता. बँकांचं वर्ष तेव्हा ३१ डिसेंबरला संपायचं. मार्चअखेर ही १९८९पासूनची. त्यामुळे ३० जून म्हणजे सहामाही, आणि सहामाहीत सेव्हिंग्जच्या टेबलावरचा माणूस नसणं म्हणजे उरलेल्या सगळ्यांच्या डोक्यावर धोंडा. मी कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र टाकलं. त्यांचं पोस्टकार्ड उलटटपाली आलं: जूनमध्ये प्रवेशच चालतात, १ जुलैला या. ते पोस्टकार्ड मी साहेबांना दाखवलं. त्यांनी वाचून परत दिलं, आणि त्या दिवसापासून राजीनाम्याचा विषय शाखेत कुणी कुजबुजत बोललं नाही, मोकळेपणाने बोलू लागले.

गाव मात्र कुजबुजत होतं. राजीनाम्याची बातमी पेठेत पोचली, तेव्हा तिथल्या तर्कशास्त्राने तिचा सरळ अर्थ लावला: पोराने काहीतरी गफलत केली असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी हळदीचे एक आडते, एरवी ज्यांचा नोकर यायचा, ते स्वतः पासबुक घेऊन आले आणि फार गोड आवाजात म्हणाले, ''जरा शिल्लक बघता का? तसं काही नाही, सहजच.'' त्यांच्यामागे आणखी दोघे सहजच आलेले होते. मी शिलका सांगितल्या, त्या पैशापैशाने बरोबर निघाल्या, आणि मंडळी हायसं वाटून पण थोडीशी हिरमुसून परत गेली. आठ-पंधरा दिवस मी त्याच खुर्चीवर, त्याच लेजरांपुढे बसलेला दिसत राहिलो तेव्हा संशय ओसरला आणि त्याची जागा कीव घेऊ लागली. घरी आई देवापुढे थोडी जास्त वेळ बसू लागली. वडील काही बोलले नाहीत. फक्त कोकणच्या पगाराचा आकडा त्यांनी दोनदा विचारून घेतला, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने, म्हणजे मला तो ऐकू यावा.

नोकरी सोडणं म्हणजे फक्त बँकेला कळवणं नव्हे, हे पतसंस्थेच्या वहीने शिकवलं. कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थेत प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा जामीन असे. माझी सणाची उचल फेडायची राहिली होती ती शेवटच्या पगारातून वळती झाली, स्कूटरचं कर्ज फंडाच्या पैशातून मिटणार होतं, पण आमच्या शिपाईमामांनी मुलीच्या लग्नाला कर्ज काढलं होतं आणि त्याच्या जामिनांत मी होतो. मी गेलो की त्यांना नवा जामीन हवा. मामा मला काही बोलले नव्हते. पाण्याचा पेला ठेवताना मात्र हल्ली त्यांची नजर खाली असायची. एका दुपारी अण्णांनी नोटा मोजता मोजता, तोंडातला आकडा न चुकवता, डाव्या हाताने पतसंस्थेचा फॉर्म माझ्याकडे सरकवला. माझ्या नावावर रेघ होती आणि खाली त्यांची वळणदार सही. मी काही म्हणणार तोच त्यांनी ''त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर'' असं जरा मोठ्याने म्हणून मला गप्प केलं.

मग चार्ज द्यायचं काम. माझ्या जागी येणारा मुलगा नुकताच लागलेला, मिसरूड फुटलेला, लेजर उघडताना पान फाटेल म्हणून घाबरणारा होता. त्याला लेजरं द्यायची तर ती जुळलेली द्यायला हवीत, आणि एका लेजरात फेब्रुवारीपासून सत्तावीस रुपयांचा फरक चालत आलेला होता. बँकेत जुने लोक फरक शोधायची एक युक्ती सांगत. फरकाला नऊने भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची उलटापालट झालेली असते. आणि फरकाचा निम्मा आकडा कुठे दिसला, तर नावेची रक्कम जमेला पडलेली असते. सत्तावीसला नवाने भाग जातो, भागाकार येतो तीन. म्हणजे ज्या दोन शेजारच्या अंकांत तिनाचं अंतर आहे तेच उलटे पडलेले: चौदाचे एक्केचाळीस, पंचवीसचे बावन्न, छत्तीसचे त्रेसष्ट. संध्याकाळी कामकाज उरकलं की मी आणि तो मुलगा व्हाउचरांचे गठ्ठे सोडत असू. दाभणाने ओवलेली सुतळी, गाठीवर लाल लाखेचा ठिपका, तो फोडला की करपलेल्या लाखेचा वास. तो व्हाउचरवरची रक्कम वाचायचा, मी लेजरातल्या नोंदीवर हिरवी खूण करायचो. बाहेर वळीव कोसळायचा, दिवे जायचे, मामा कंदील आणून ठेवायचे.

सापडला तो फरक ढोल्या गणपतीच्या घाटावर फुलं विकणाऱ्या एका आजीच्या खात्यात. भरले होते एकशे त्रेसष्ट, जमा पडले होते एकशे छत्तीस. ते अक्षर कुणाचं, हे साहेबांनीही विचारलं नाही. ज्याचं होतं तो बदलून गेलेला, आणि फेब्रुवारीतल्या त्या बाजाराच्या दिवशी काउंटरवर किती गर्दी असेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. आजीला बोलावून सांगितलं, की तुमचे सत्तावीस रुपये बँकेकडे राहिले होते, ते आता जमा केलेत. आजींनी पदराची गाठ सोडून पासबुक काढलं, नोंद करून घेतली, त्या नोंदीवर बोट फिरवलं आणि विचारलं, ''आन् याज?'' साहेब खळखळून हसले. मग आम्ही रीतसर व्याज काढलं. ते एका चहालाही पुरलं नसतं, पण त्याचंही व्हाउचर झालं, त्यावर दोन सह्या झाल्या, आणि ते माझ्या हातच्या शेवटच्या व्हाउचरांपैकी एक. द्विनोंदीची रीत इटलीतल्या लुका पाचोलीने १४९४मध्ये छापील पुस्तकात मांडली, हे पुढे मी वर्गात दर वर्षी सांगत आलो. पोरांना त्याचं काही विशेष वाटायचं नाही. आजींच्या व्याजाची गोष्ट सांगितली की मात्र मागचा बाकसुद्धा जागा व्हायचा, आणि नावे-जमेचा धडा तिथून पुढे आपोआप चालायचा.

२८ जूनला, शनिवारी, अर्ध्या दिवसाचं कामकाज आटोपल्यावर निरोप समारंभ झाला. बदलीचे निरोप समारंभ आमच्या शाखेला अंगवळणी पडलेले होते. त्यांची भाषणं ठरलेली, आणि 'आज आपण एका आनंदाच्या व दुःखाच्या प्रसंगी' ही सुरुवातही ठरलेली. राजीनाम्याला काय म्हणायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांनी बदलीचंच भाषण केलं आणि मला कोकण शाखेत पाठवलं. टायपिस्ट ताईंनी मला बढतीसुद्धा दिली. बटाटेवडे होते, वेफर्स होते, केळी होती, पेढा होता, आणि वर्गणीतून आणलेलं एचएमटीचं घड्याळ होतं, ज्याची किल्ली अण्णांनी देण्याआधीच पुरी भरून ठेवली होती. मी राजीनाम्यातून छाटलेले परिच्छेद पाठ करून आलो होतो. उभा राहिलो, समोर वड्याच्या कागदाला तेल सुटत होतं, मामा दाराशी टेकून उभे होते, आणि देशाचं भवितव्य काही केल्या तोंडातून बाहेर पडेना. ''येतो,'' एवढं म्हणून मी बसलो. टाळ्या मात्र पुष्कळ झाल्या. वडे गार होत होते हेही त्याचं एक कारण असावं.

सोमवारी क्लोजिंग. रात्रभर फॅसिटचा कडकडाट, रबरी शिक्क्यांचा धपधप आवाज, साहेबांच्या घरून आलेलं पिठलं आणि तांदळाची भाकरी, पत्र्यावर धो धो पाऊस, आणि कृष्णेला पाणी चढल्याच्या बातम्या घेऊन मधूनमधून डोकावणारा पहारेकरी. पहाटेच्या सुमारास माझी लेजरं जुळली. साहेबांनी चार्ज लिस्ट पुढे ओढली: लेजरं इतकी, सह्यांच्या नमुन्याची कार्डं इतकी, कोरी पासबुकं अमुक नंबरपासून अमुक नंबरपर्यंत, ड्रॉवरची किल्ली एक. डावीकडे 'चार्ज दिला', उजवीकडे 'चार्ज घेतला'. मी सही केली, मग त्या मुलाने केली. त्याची सही इतकी मोठी आली की ती माझ्या सहीत शिरली. यादीत नसलेलं एक पान मी त्याच्यासाठी वेगळं लिहून ठेवलं होतं: कोणत्या आजोबांना ऐकू कमी येतं, कोणत्या खातेदाराची सही थंडीत बदलते, कोणत्या बाईंच्या पासबुकाविषयी त्यांच्या घरी सांगायचं नाही, आणि आडते 'सहजच' आले म्हणजे काय समजायचं. निघताना ओटा पुसून, उद्याचं दूध कुठे ठेवलं ते सांगून जाणाऱ्या बायकांचं काम मला त्या पहाटे पहिल्यांदा समजलं.

पुढे बँकेत पेन्शन आली, १९९५च्या नियमांनी, आणि त्याच नियमांनी असंही ठरलं की राजीनामा दिलेल्याची मागची नोकरी पेन्शनला धरायची नाही. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. १९७२चा कायदा पाच वर्षं सलग नोकरी केलेल्याला राजीनाम्यानंतरही ती देत असे, आणि ती मला मिळाली, कोकणातल्या घराची कौलं त्यातून आली. पेन्शनीचा हिशोब माझे मित्र मला अधूनमधून, मैत्रीच्या नात्याने, करून दाखवतात. तो दर वेळी जुळतो. २०००-०१मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसं एका झटक्यात बाहेर पडली, तेव्हा आमच्या शाखेतले निम्मी टेबलं रिकामी झाली. ज्यांनी मला वेड्यात काढलं होतं ते फॉर्म भरताना मला फोन करून विचारत होते, ''बाहेर जमतं ना रे?'' मी त्यांना 'जमतं' म्हणालो. त्यातल्या बहुतेकांना जमलं. लेजरं गेली, टोकनं गेली, फरक शोधायची गरजच उरली नाही. संगणकाच्या पडद्याला हळदीचा वास येत नाही, पण फुलवाल्या आजीची नात आता फोनवर शिल्लक बघते आणि तिचे सत्तावीस रुपये चार महिने कुठे अडकत नाहीत. हा सौदा वाईट झाला असं मी म्हणणार नाही.

माझी पुतणी हिंजवडीला आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास तिने नोकरी बदलली. पोर्टलवर एक बटण दाबलं, नव्वद दिवसांची नोटीस सुरू झाली, लॅपटॉप कुरियरने गेला, आणि तिच्या आईला हे सगळं फराळाची चकली तळता तळता कळलं. आईने ''पगार वाढला ना?'' एवढंच विचारलं आणि झारा हलवला. देवापुढे जास्त वेळ बसणं नाही, पेठेत कुजबुज नाही. मला ते आवडलं. नोकरी सोडणाऱ्याला कुणी वेडा किंवा चोर समजत नाही, ही चाळीस वर्षांतली खरी कमाई आहे. तेव्हा मी त्यांच्याकडेच उतरलो होतो. त्या मुक्कामात एका रात्री उशिरा मी पाणी प्यायला उठलो, तर पोरगी दिवा लावून टाइप करत बसली होती. ''केटी लिहितेय, काका,'' ती म्हणाली. म्हणजे तिच्या जागी येणाऱ्याला कामाची सगळी ओळख करून द्यायची. मी वाकून पाहिलं. कामातलं मला काही समजलं नाही, पण शेवटच्या ओळी समजल्या: अमक्या क्लायंटला सोमवारी सकाळी फोन करू नये; तमक्याची मेल रागीट वाटते, माणूस चांगला आहे.

तेव्हा ज्या कुणाच्या मनात या दिवाळीनंतर नोकरी सोडायचं असेल, त्याने खुशाल सोडावी. राजीनामा तीन ओळींचा लिहावा, कारण लिहू नये, आपण कुणाचे जामीन आहोत ते आधी पाहावं, पेन्शन-ग्रॅच्युइटीचे नियम सही करण्यापूर्वी वाचावेत आणि निरोपाचं भाषण शक्यतो टाळावं. चार्ज मात्र सविस्तर द्यावा. आपण गेल्यावर लोक आपल्याविषयी काय बोलतात, ते त्या यादीवरून ठरतं.